शेवटचं प्रकरण आधी

खाण अजून उघडलेली नाही
आणि मी ती बंद करायला बसले आहे.
नियमच तसा: पहिला सुरुंग लागण्याआधी
लिहून द्यायचं, शेवटी जमीन कशी दिसेल.
शाहूपुरीत दुसरा मजला, खाली मिरचीचा डंक;
दर दोन समोच्च रेषांमागे मला एक शिंक.

वर्ष पहिलं. वरची माती काढून वेगळी रचणे.
जाडी किती? रकाना विचारतो.
राधानगरीच्या वर, त्या सड्यावर
मी सळी टोचून पाहिली होती:
चार बोटं. कुठे दोन.
कुठे नुसताच कातळ, आणि त्याच्या खळग्यात
नखाएवढी निळी फुलं,
ज्यांना माती लागत नाही, साचलेलं पाणी पुरतं.
त्यांचा रकाना नाही.
मी सरासरी काढली. पाच सेंटिमीटर.
खाली बॉक्साइट, सहा मीटर.

त्या दिवशी मोजपट्टी धरायला
धनगरवाड्यावरच्या बमाबाई झोरे होत्या.
पट्टी सरळ, बाई त्याहून सरळ.
त्यांनी विचारलं, "माती ढिगात किती वर्सं?"
"बारा."
"बारा?
आन् दूध तीन दिस ठिवलं तर काय हुतं,
ठावं हाय न्हवं?"
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
"माती जित्ती असती, बाई.
ढीग केला की आतनं मरती."

हे पुस्तकातही होतं.
परीक्षेत मी त्यावर पाच गुण मिळवले होते.

मग मी आराखडा मोडला.
सड्याचे नऊ पट्टे केले;
दुसऱ्या पट्ट्याची माती निघेल
ती त्याच दिवशी पहिल्या खड्ड्यावर पसरायची,
तिसऱ्याची दुसऱ्यावर,
आजचं ताक उद्याच्या विरजणाला ठेवावं तशी.
पेडणेकरसाहेबांनी कॅल्क्युलेटर काढला.
डंपरच्या फेऱ्या वाढतात, म्हणाले.
वाढतात, मी म्हटलं.
बराच वेळ ते डिझेलच्या आकड्याकडे बघत राहिले
आणि शेवटी पेन्सिलीने बरोबरची खूण केली.
पेन्सिलीने.

पण झऱ्याचं मला सुटलं नाही.
सड्याच्या पोटात पाणी बसतं
आणि वाड्याच्या मागे होळीपर्यंत ठिबकत राहतं.
ते सहा मीटर गेले
तर पाण्याने बसायचं कुठे?
भराव टाकू, दाबू, उतार देऊ,
पण कातळाला पडलेली भोकं
कुठल्या निविदेत मागवू?
मी झऱ्याच्या वरचा पट्टा, नववा,
रेघोट्या न मारता कोरा सोडला.
टीप लिहिली: प्रस्तावित नाही.
ही टीप टिकेल का, सांगता येत नाही.

शेवटच्या पानावर चित्र लागतं,
पुनर्वसनानंतरचं अपेक्षित दृश्य.
कॉम्प्युटरमध्ये तयार झाडं मिळतात,
सगळी एका उंचीची,
सगळ्यांची सावली एकाच बाजूला.
जुन्या खाणीवर अशीच उभी आहेत ऑस्ट्रेलियन बाभळीची,
त्यांच्याखाली म्हशीसुद्धा थांबत नाहीत.
मी अकरा झाडं लावली.
चहा पिऊन आले, अकरा पुसली.
कातळ ठेवला, थोडं गवत,
चार खळगे.

साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"इथं तर काहीच दिसत नाही."
"हो साहेब," मी म्हटलं,
"श्रावणात बघायला लागतं. वाकून."