पाव फेरा

रेक्सममधल्या आमच्या लॉन्ड्रीत
साहेबाच्या दारावर पाटी चिकटवतात, ठोकत नाहीत.
डिंकाचे चार चौकोन, एकावर एक.
पाचवी पाटी फिलिपा मॅडमची, जराशी तिरकी.

आल्या आल्या तिनं फळा पुसला.
आधीच्या साहेबाला सगळं निळ्या शाईत लागायचं,
त्याच्या आधीच्याला तासागणिक.
हिला रंगीत ठिपके हवेत.
आम्ही ठिपके लावतो.
त्याला दहा मिनिटं जातात, तेवढ्यात
चाळीस चादरी व्हायच्या.

व्हायच्या, म्हणजे ग्विलिम होता तेव्हा.
एकोणीस वर्षं तीन नंबरच्या रोलरपाशी.
रोलर गुरगुरला की पत्र्यावर तळहात टेकवायचा,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि वाफेचा कॉक पाव फेरा मागे.
कुठल्याच पुस्तिकेत तो पाव फेरा नाही.

तो गेला त्या दिवशी केक अर्धा उरला,
कारण डोरीन आदल्या आठवड्यातच गेलेली
आणि आमच्यात गोडघाशी तीच.
मग टाडेउश गेला.
त्याच्या जागी आलेला मुलगा
जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडला तो पडलाच.
त्याचा डबा अजून फ्रिजमध्ये आहे,
उघडायची कुणाची छाती होत नाही.

आता इस्पितळातून चादरी परत येतात,
कडेला करपलेल्या, मधोमध ओल्या.
मॅडम आलेख दाखवते. बाण खाली.
"गळती कुठे आहे?" विचारते.
बाई वाईट नाही.
तीन वाजता मुलाला आणायला शाळेकडे पळते,
तिच्याकडेही वरून कुणीतरी ठिपके मागतं.
गळती कुठे आहे ते मला ठाऊक आहे,
पण तिच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

मिरजेहून नवी नवी आले होते तेव्हा
डोरीननं शिकवलं, चादर अशी झटकायची
की कोपरा आपणहून हातात येतो.
परवा एफुआ आली, वीस-एकवीसची.
तिला तेच दाखवता दाखवता मी मध्येच थांबले.
ही तरी किती दिवस?
शिकवायचा कंटाळा नाही हो,
निरोपांचा आलाय.

"मग पुढे?" ती म्हणाली.
तेवढ्यात रोलर गुरगुरला.
तिचा हात धरून पत्र्यावर टेकवला,
दुसऱ्या हातानं कॉक चाचपला.
पाव फेरा.
मागे, की पुढे?