एक राहिलाय

चार जुलै. बेलव्ह्यू, आयोवा.
नदीकाठच्या गवतावर घडीच्या खुर्च्या टाकून
अख्खं गाव आभाळाकडे तोंड करून बसलेलं.
मका चार जुलैला गुडघ्याला लागला की वर्ष बरं,
यंदा तर छातीला आलाय, असं डॉरिस सांगते
आणि पॉपकॉर्नचा पुडा बाबांपुढे धरते.
बाबा उजवा कान तिच्याकडे वळवतात.
डावा भुसावळजवळच्या कारखान्यात राहिला,
एकतीस वर्षांच्या नोकरीत.

पहिला गोळा फुटला.
लोक म्हणाले, आऽऽ.
बाबा म्हणाले, दोन सेकंद. पावणेसातशे मीटर.
मग लाल आला: स्ट्रॉन्शियम. हिरवा: बेरियम.
निळा फिकाच निघाला, तेव्हा
"निळा कुणालाच धड जमत नाही," म्हणून
त्यांनी त्या अनोळखी माणसांना माफ करून टाकलं.

निहारनं कान गच्च दाबलेले, आणि हसतोय.
मी आभाळ कमी बघत होते, बाबांना जास्त.
चेहरा घटकेत जांभळा, घटकेत पिवळा,
आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय.
मला वाटलं, जप.

शेवटी एकदम पंचवीसतीस, धूर, टाळ्या,
पाण्यावरून बोटींचे भोंगे.
डॉरिसनं खुर्ची मिटली. गाड्यांचे दिवे लागले.
बाबा उठेनात.

"एक राहिलाय."
संपलं, बाबा.
"शेवटचा गोंधळ सोड. त्याआधी
एकशे बारा चढले. एकशे अकरा फुटले."

आणि निघालेच, जावयानं घेतलेले पांढरे बूट घालून,
दोरीपाशी उभ्या बंबवाल्या पोराकडे.
"सर, वन नॉट बर्स्ट. लेफ्ट साइड. नीअर ट्री."
मी मागून धावले,
भाषांतर करायला की माफी मागायला,
माझं मलाच ठाऊक नव्हतं.
पोरगा विशीतला. हसला नाही.
सोडलेली दोरी त्यानं परत बांधली,
मुलांना मागे सारलं,
आणि दोघं टॉर्च घेऊन गवतात शिरले.

मग झाडाखाली एक जण वाकला
आणि बाबा ओरडले, चक्क मराठीत:
"हात लावू नको रे! आधी पाणी!"
तो तसाच थिजला. मागे सरला.
कुणीतरी बादली आणायला पळालं.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
निहार मागे झोपलेला, गालाला पॉपकॉर्न चिकटलेलं.
"घोडके म्हणून होते," बाबा म्हणाले.
"त्यांनाही वाटलं, विझलंय."
मग मैलभराने:
"मोजणी माझी होती."

मी काही विचारलं नाही.
दोन्ही बाजूंना मका, आणि मक्यावर
इथून तिथवर काजवे.
बाबांनी काच खाली केली,
उजवा कान बाहेर धरला.
एक पेटला. आणखी एक.
अंगठा पेरावर थांबलेला,
मागून यायच्या आवाजासाठी.