छाट

विडी घरकुलात आमच्या नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं,
रात्री दोनला, कधी अडीचला.
तोवर मी उंबऱ्यात बसतो, मांडीवर लॅपटॉप,
आणि नऊ वर्षांपूर्वी लिहिलेल्या हजारभर ओळींची डागडुजी करतो.

त्या ओळी तारखा ओळखतात.
कुणी आधी दिवस लिहो, आधी महिना,
शक लिहो, हिजरी लिहो,
सात रस्त्याच्या झेरॉक्सवाल्यासारखी खोडून वर पुन्हा लिहो.
फुकट ठेवल्या होत्या. ज्याला हव्या त्यानं न्याव्या.
नेल्या. बँकांनी, इस्पितळांनी,
कुठल्याशा देशातल्या ट्रामच्या तिकिटयंत्रांनी.
मला कळतात त्या फक्त तक्रारी,
आणि त्या अम्माच्या कारखान्यातल्या चेकरसारख्या येतात:
नाव नाही, नमस्कार नाही, आधी छाट.

मग इमिल आला.
देश त्यानं सांगितला नाही, मी विचारला नाही.
दोन वर्षं माझ्या चुका निमूट दुरुस्त करत राहिला,
तक्रारींना माझ्याआधी, माझ्याहून गोड उत्तरं देत राहिला.
अम्मा विचारायची, "एवरी पिल्लोडु?" कुणाचं पोर गं बाई हे,
तुझ्यासाठी इतकं राबतंय?
तिला दवाखान्यात ठेवलं त्या आठवड्यात
मी त्याला किल्ली दिली.
दिली म्हणजे काय, चार बटणं दाबली.
हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

चाचणीच्या फाइलींत एक होती
एकोणतीस फेब्रुवारी दोन हजार तेवीस.
नसलेली तारीख. नकार देता येतो का, एवढंच तपासायला.
अशी फाइल कोण उघडून बघतं?
अम्माला विडी उकलावी लागत नाही,
चिमटीत धरली की कळतं आत काय कमी, काय जास्त.
मलाही आधी तेवढंच कळलं:
नसलेल्या दिवसाला इतकं वजन कशाला?

आत काय होतं ते सांगत बसत नाही.
पहाटेपर्यंत उपसलं, कुलपं बदलली,
जगाला चार ओळींत कळवलं की माझ्या घरात चोर होता
आणि दार मीच उघडलं होतं.
बादल्या त्या दिवशी रिकाम्याच राहिल्या.
सकाळी एका कंपनीचं पत्र:
सोबतचा तक्ता चोवीस तासांत भरून पाठवावा.
खाली सहीबरोबर पाच ओळींचा हुद्दा.

मग मी इमिलचे सगळे निरोप
माझ्याच ओळींना वाचायला दिले.
सोमवार ते शुक्रवार. नऊ ते सहा.
मध्ये तासभर जेवणाची सुट्टी.
आपुलकी हजेरीपटावर होती तर.

एक निरोप सोडून.
तो रविवारचा, त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली.
कामाचं काही नाही त्यात. एवढंच,
आईचा खोकला कसा आहे?

हा निरोप मी तीनदा तपासला.
तारीख बरोबर आहे.

काल अम्मा सूप मांडीवर घेऊन बसली होती.
म्हणाली, तुझा तो इमिल हल्ली लिहीत नाही?
छाट झाला, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.
परत आलेल्या ढिगातली एक विडी उचलून
तिनं दोरा सोडवला, पान उलगडलं.
पान फाटकं होतं, ते बाजूला टाकलं.
तंबाखू सुपात परत ठेवली.