सत्तावीस नंबर

पाहुणे येणार म्हणून रबाळ्याच्या शेडमध्ये
आदल्या रात्री पिवळे पट्टे मारले.
सकाळी सगळ्यांच्या बुटांना पिवळं लागत होतं,
वर्तकसाहेब म्हणाले, छान दिसतंय.
संडासाला नवी कडी. बेसिनवर नवा टॉवेल,
त्याला कुणी हात पुसायचे नाहीत.
स्वागताचा फलक साहेबांना मराठीतच हवा होता;
ओड्वारमधला ड अर्धा की पूर्ण
यावर मी आणि हिशेबनीस पाऊण तास भांडलो.

आणि हिराजी माधवीला सांगितलं,
उद्या येऊ नकोस. पगारी सुट्टी.
ते लोक सेफ्टीचं बघतात, आणि तुझा तो डावा हात...
साहेबांनी वाक्य तिथंच सोडलं.
हिराजीनं ते उचललं, घडी घालून खिशात ठेवलं,
बरं म्हणाला.

मी क्वालिटीत. पण इंग्रजी बरं, म्हणून
मायक्रोमीटर ठेवून ओवाळणीचं तबक धरलं.
दोघे आले. नॉर्वेचे. ती सिल्ये, उंच, नोंदी घेणारी,
आणि हा ओड्वार, साठीचा, कुंकू लावताना
इतका वाकला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

मशिनी पाहिल्या. फाइली पाहिल्या.
अग्निशामकाची तारीख पाहिली (कालचीच होती).
मग कॅन्टीनमध्ये, बिनतिखटाच्या भाजीसमोर,
त्यानं खिशातून एक रिंग काढली,
आपलीच, अकरा वर्षांपूर्वीची, कडेला ठोकलेला आकडा: २७.
म्हणाला, आमच्या एका बोटीवर
बाकीचे सगळे व्हॉल्व्ह दोनदोनदा बदलले.
हा नाही. बोट भंगारात गेली, ही मी काढून घेतली.
सत्तावीस म्हणजे कोण? मला त्यांना भेटायचंय.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
सुट्टीवर आहेत, मी म्हटलं. गावी.

यात खोटं तसं काही नव्हतं.
गोठिवली गावच आहे. कंपाउंडला लागून.
कॅन्टीनच्या खिडकीतून दिसते त्याची गच्ची,
आणि त्या गच्चीवर, बनियनवर,
सत्तावीस नंबर बोंबील उलटे करत होता.

वास आत आला. साहेब लगबगीनं उठले,
खिडकी लावली, सॉरी म्हणाले, दोनदा.
ओड्वार उठला, खिडकी उघडली
आणि छाती भरून श्वास घेतला.
आमच्या बेटावर, म्हणाला, मार्चमध्ये
अख्खं गाव असंच घमघमतं. आजोबांची लाकडी मांडवळ होती.
ह्याला काय म्हणता तुम्ही?
बोंबील, मी म्हटलं.
बुंबिल, तो म्हणाला. सिल्येनं लिहून घेतलं.

तेवढ्यात हिराजीनं वर पाहिलं.
खिडकीत गोरा माणूस. आता काय करायचं ते न कळून
त्यानं हात वर केला. डावा.
उन्हात तीन बोटं.

ओड्वारला वाटलं, इकडची रीत असावी.
त्यानंही हात वर केला,
करंगळी आणि शेजारचं बोट नीट दुमडून घेऊन.

कुणीच काही बोललं नाही.
साहेब भाजीत लिंबू पिळत राहिले, पिळून झालेलं.

ऑर्डर मिळाली. विमानतळाच्या गाडीत बसताना
त्यानं ती रिंग माझ्या हातात दिली,
गावाहून आले की त्यांना द्या.
गाव म्हणताना तो किंचित हसला का,
हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला दिली.
बोट, बर्फ, अकरा वर्षं, सगळं सांगितलं.
हिराजीनं रिंग उजेडाकडे धरली, फिरवली,
अंगठ्यानं कड तपासली.
"इथं धार जाडी रायली हाय," म्हणाला,
"तवा पास कुनी केलती?"

मी. सही माझीच होती.