काल दिवसभरात

माझ्या पिशवीत एक रबरी पाव असतो,
कोंबडीची प्लास्टिकची तंगडी,
चार मापांच्या वाट्या,
आणि एक टोमॅटो, ज्याला वाल्पाराइसोच्या टेकड्यांवरची कुत्री
अजूनही फसतात.

लोकांनी काल काय खाल्लं ते विचारत
मी पायऱ्या चढते. धाप लागते.
धाप ओसरायच्या आत दार उघडतं
आणि आतून चहाचा वास येतो.

एलेउतेरिओ, बंदरात क्रेन चालवायचे.
रात्रीचं जेवण?
छे, किती वर्षं झाली सोडून.
मग संध्याकाळी?
संध्याकाळी काय, नुसती ओन्से.
नुसती, म्हणजे दोन पाव, वर कुस्करलेला आवोकादो,
चीज, तीन चमचे साखरेचा चहा,
आणि केक, तो वाळून जाऊ नये म्हणून.
खोटं बोलत नव्हते ते.
त्यांच्या लेखी ते जेवण नव्हतं
आणि माझ्या फॉर्मला त्यांचं लेखी ठाऊक नव्हतं.

एर्मिंदा उत्तराआधी माझ्या कमरेकडे बघते,
मग स्वतःच्या.
कोशिंबीर, म्हणते. मोठी.
पाव? ती वाट्यांतली सगळ्यात मोठी बाजूला सारते,
मधली उचलते,
माझं पेन हललं नाही की तीही खाली ठेवते.
माझं पेन थांबलं की तिची भूक लहान होते.
साखरेनं गेलेल्या बहिणीचा फोटो
फ्रिजवर, चुंबकाखाली.

आणि अगदी वर, जिथे पाणी टँकरनं येतं,
ओरियाना सेपूलवेदा.
तिनं न अडखळता सांगितलं: कासुएला.
बैलाचं मांस, हाडासकट. भोपळ्याचा तुकडा,
मक्याचं अर्धं कणीस प्रत्येकाला, वरून कोथिंबीर.
तीन मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती.
धाकटा म्हणाला, कधी?
काल. तू झोपला होतास.
मनातले मांडे मोजायला माझ्याकडे वाटी नाही.
मी लिहिलं: एक मोठी.

काही जणांना आम्ही एक ग्लास पाणी देतो.
दिसायला साधं, चवीलाही.
मग दहा दिवस बाटल्या गोळा करायच्या,
लेबल लावून, बर्फात.
ते पाणी सांगतं देहानं किती जाळलं,
म्हणजे साधारण किती गेलं असेल पोटात.
पाण्याला पाहुणा नसतो,
शेजारीण नसते, मेलेली बहीण नसते.
त्याचा आकडा आणि माणसाचा आकडा
यांच्यामधल्या फटीला तक्त्यात नाव आहे: त्रुटी.
मला दुसरं एखादं द्यायचं होतं.
सुचलं नाही.

प्रशिक्षणात आम्हीही ते पाणी प्यायलो, वह्या भरल्या.
माझी फट निघाली रोजची सहाशे कॅलरींची.
यास्ना, तू? सगळे हसले.
मी चिडले. मी कुठे काय खाते?
दिवसभर लोकांच्या दारात असते मी.

हो, दारात.
एलेउतेरिओंचा तो वाळायला आलेला केक.
गोडाला न शिवणाऱ्या एर्मिंदाचा बिस्किटांचा डबा,
स्वयंपाकघरात, दोघी उभ्यानं,
ती बहिणीबद्दल बोलत होती आणि हात आपोआप जात होते,
चार असतील, सहा असतील.
आणि ओरियानानं सगळ्यांसमोर कापलेला पाव,
अर्धा माझ्यापुढे.
नाही म्हणता आलं नाही.
आवंढ्याबरोबर गेला तो,
पण तो कुठेच लिहिला नाही.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच का,
नोंद न करणं?

शनिवारी मी नमुने साबणानं धुते.
तंगडी, वाट्या, टोमॅटो.
रबरी पावाच्या कडेला
बारीक दातांची कमान उमटली होती, खालची, वरची,
मध्ये एका पडलेल्या दाताची जागा.

ऑफिसात नवा पाव मागितला.
कशानं खराब झाला, या प्रश्नापुढे लिहिलं:
कुत्रं.