गुरुवारची किल्ली

किल्ली माझ्याकडे आली तेव्हा
पिणं सोडून एकशे चार दिवस झाले होते.
तौनो म्हणाला, आता तू उघडत जा.
मी म्हणालो, ज्याला बायकोनं घराची किल्ली परत दिली नाही
त्याला तुम्ही चर्चच्या तळघराची देताय?
तो हसला नाही. म्हणाला,
कॉफी वीस कपांची. डबा वरच्या फळीवर.

केमीत जानेवारीत दिवस उगवत नाही,
डोळा किलकिला करून परत मिटतो.
त्या गुरुवारी दुपारीच वादळ सुटलं.
बस बंद. कागद गिरणीचा भोंगा तर
दोन वर्षांपूर्वीच बंद.
मी वीस कपांची कॉफी टाकली,
खुर्च्या गोल मांडल्या, बारा,
आणि कोटाच्या आतल्या खिशात
जे होतं ते होतं.
चपटं. सील न तोडलेलं.
छातीला लागून ऊबदार झालेलं,
पाळलेल्या पिल्लासारखं.

साडेसहा. पावणेसात.
गोल मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या
माणसाकडे फार निरखून बघतात.
सातला कुलूप लावीन, मी म्हणत होतो,
आणि मग बघू.
हे 'मग बघू' माझ्या जुन्या ओळखीचं.
दोन लग्नं, एक होडी, डाव्या हाताची दोन बोटं
त्यानंच नेली.

सातला दारावर थाप नाही, खरवड.
राइली. एकाहत्तर वर्षांची,
पायानं रेटायच्या घसरगाडीवरून तीन किलोमीटर,
भुवयांवर बर्फ.
वेडी आहेस का, मी म्हणालो, माझ्यासाठी एवढ्या वादळात—
"तुझ्यासाठी कशाला मरायला येईन?
आज माझंच काही खरं नव्हतं.
पुलावरून खिडकीत उजेड दिसला."

दोघं असली की बैठक होते.
तिनं नाव सांगितलं, मी नाव सांगितलं,
तीस वर्षं एकाच गल्लीत काढलेल्यांनी
पुन्हा पहिल्यापासून.
मग मी खिशातलं काढून
साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं.
तिनं पाहिलं. उपदेश केला नाही.
स्वतःच्या पिशवीतून
तसंच, फक्त मोठं, काढलं
आणि माझ्याच्या शेजारी उभं केलं.
आम्ही इतके हसलो
की तिची कवळी निसटली.

बेसिनमध्ये ओतताना मात्र कुणी हसलं नाही.
वास वर आला. तिनं माझी बाही धरली.
मी नळ सोडला, आणि सोडूनच ठेवला.

आठच्या सुमारास बर्फ काढणारा ट्रॅक्टर थांबला.
पोरगा आत आला, विशी-पंचविशीचा, टोपी न काढता.
"फक्त ऊब घ्यायला आलोय."
दाराजवळच्या खुर्चीत टेकला,
तीन कप प्यायला, दोन्ही हातांनी धरून.
ते हात आम्ही ओळखले.
कुणी काही विचारलं नाही.
जाताना दारात थांबला. वाटलं, नाव सांगेल.
म्हणाला, कॉफी पाणचट आहे.

त्याचा एक हातमोजा खुर्चीखाली राहिला.
राइलीनं तो खुंटीला लावला.
आज सातवा गुरुवार.
मी आता दोन चमचे जास्त टाकतो.