बियाण्याच्या बरण्या

निफाडला आज पारा पाचावर.
द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील,
घडांवर धूर धरून ठेवायचा उजाडेपर्यंत.
इथे सिन्नरच्या पुढे, मुसळगावात,
पत्र्याच्या शेडमध्ये पाणी तीस अंशांवर आहे
आणि मी अर्ध्या बाहीत घामेजलेली.

आधी वायनरीत यीस्ट मोजायचे.
तीच काचपट्टी, तिच्यावर आखलेलं तेच अंगण,
अंगठ्याखाली तेच टिकटिकतं यंत्र.
आता चौकोनांत शेवाळ असतं,
एका पेशीचं एक घर, चार कोपऱ्यांना चार केस,
नाव कीटोसेरॉस.
आईला ते येत नाही.
शेजारणींना ती सांगते, पोरगी विरजण लावते.
खोटं नाही.
नळीतून फ्लास्कमध्ये, फ्लास्कमधून बरणीत,
बरणीतून माणसाएवढ्या पिशवीत,
रोज थोडं मागे ठेवून
बाकीचं पुढे.

कोळंबीची पिल्लं चेन्नईहून विमानाने आली,
मग जीपने, कसारा घाट चढून.
दीड लाख, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत,
जिऱ्याच्या दाण्यापेक्षाही बारीक.
पहिला दीड दिवस त्यांना काही द्यायचं नसतं.
स्वतःची शिदोरी पोटात बांधूनच येतात.
ती संपते, कात पडते,
आणि त्यांना तोंड फुटतं.
त्या वेळी पाण्यात शेवाळ हवं.
असलं नाही तर रडत नाहीत, काही नाही,
नुसती तळाला जातात.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत,
तोही ओहोटीचा.
मीठ कालवते मी. वजन करून, मीटर लावून.
हिराजी तांडेल सातपाटीहून आलेत,
मीटरवर त्यांचा भरवसा नाही.
करंगळी बुडवून चाखतात
आणि रोज तेच म्हणतात,
"खारा हाय. पन दर्या नाय."

रात्री साडेतीनला चार नंबरची पिशवी बसली.
संध्याकाळी गुळाच्या चहासारखी होती,
आता वर निवळ पाणी, खाली चिकट गाळ.
पाच नंबरचीही कड फिकी पडलेली.
टाक्या तीन, चारचं खाणं तोंडावर,
आणि उरलेलं जेमतेम दोघींपुरतं.
तांडेल काही बोलले नाहीत.
त्यांनी तिसऱ्या टाकीवरचा दिवा जरा खाली ओढला,
जशी कुणी पांघरूण सारखं करतं.

मागच्या फळीवर बियाण्याच्या पाच बरण्या होत्या.
उद्याच्या पिशव्यांसाठी, परवाच्या, पुढच्या खेपेच्या.
आमच्या घरात एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही:
बियाणं खायचं नसतं.
दुष्काळात काकांनी कणगीला शेणाने लिंपून टाकलं होतं,
आतून वास यायचा ज्वारीचा,
आणि आम्ही मिलोच्या भाकरी खायचो.

मी चार बरण्या उचलल्या.
जाळीतून गाळल्या. मगने ओतल्या,
कडेकडेने, गोल फिरत.
पाचवीला हात लागला तेव्हा तांडेल म्हणाले,
"थांब गो."
थांबले.

मग वाट पाहणं.
अर्ध्या तासाने चंचुपात्र भरून ट्यूबलाइटसमोर धरायचं
आणि शोधायचा तो एकच दोरा,
पिल्लाच्या मागे लोंबणारा, त्याच्याहून लांब.
लोक ज्याला घाण म्हणतात, ते.
तो दिसला की पोटात काही गेलं.
साडेचारला नव्हता.
पाचला एकाच्या मागे होता, की माझी पापणी होती.
बाहेर जाऊन आले. थंडीत चष्मा पार गोठला,
आत येताच धुरकटला,
पदराने पुसला तर काचेवर मीठ.

सकाळी साहेब विचारतील, बरण्या कुठे गेल्या?
उत्तर अजून जमलेलं नाही.
एक बरणी आहे. बोटभर नळी आहे.
सिलिकेटची बाटली अर्धी आहे.

वहीत लिहिलं:
पाच चाळीस. टाकी तीन. दोरे.
अक्षर वाकडं आलंय.
तांडेल करंगळी चोखत उभे आहेत
आणि आज अजून काही बोललेले नाहीत.